वाचक विचारतात : धडधडते हृदय दूरवर थेट दाखवताना

मागील अंकात दूरस्थ वैद्यकसेवेवर लेख आला होता. हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे ज्याला आपण सर्वजण 'इको' म्हणतो ती तपासणी, चालू असतानाच दूरच्या हृदयरोगतज्ज्ञाला थेट दाखवता येते, असे एकच वाक्य त्यात या विषयावर होते. त्या वाक्यावर वाचकांनी इतके नेमके प्रश्न पाठवले आहेत की या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच द्यावे असे ठरवले. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : इको करून त्याची चित्रफीत नंतर तज्ज्ञाकडे पाठवली तरी निदान होतेच. मग तपासणी चालू असतानाच ती दाखवण्याचा एवढा आटापिटा कशासाठी?

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर इको कसा काढला जातो यातच दडलेले आहे. छातीचा एक्स-रे काढताना रुग्णाला नीट उभे केले आणि यंत्राची मात्रा बरोबर ठेवली की चित्र जवळजवळ पूर्ण होते. ते पाहणारा तज्ज्ञ दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शहरात बसलेला असला तरी फारसे बिघडत नाही. इकोचे तसे नाही. ध्वनिलहरी हाडातून आणि हवेने भरलेल्या फुप्फुसातून नीट जात नाहीत, त्यामुळे दोन बरगड्यांमधल्या अरुंद फटीतून हृदयाकडे पाहावे लागते. प्रोब, म्हणजे ध्वनिलहरी सोडणारा आणि टिपणारा यंत्राचा हातात धरायचा भाग, छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला तिसऱ्या किंवा चौथ्या फटीत टेकवला आणि त्यावरची खूण रुग्णाच्या उजव्या खांद्याकडे केली की हृदयाचा लांबीतला छेद दिसतो. तोच प्रोब जागा न सोडता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुमारे ९० अंशांनी फिरवला की आडवा छेद दिसतो. प्रोब जरासा तिरका झाला, रुग्ण डाव्या कुशीवर पुरेसा वळलेला नसला किंवा त्याने श्वास आत ओढून धरला असला, तरी पडद्यावर चित्र येतेच, पण ते हव्या त्या छेदाचे नसते.

यातली सर्वांत फसवी चूक हृदयाच्या टोकाकडून घ्यायच्या चार कप्प्यांच्या दृश्यात होते. प्रोब एक फट वर ठेवला गेला, तर डावी जवनिका, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणारा खालचा डावा कप्पा, लांबट दिसण्याऐवजी आखूड आणि गोलसर दिसतो. चित्र स्वच्छ असते, झडपा उघडमीट करताना दिसतात आणि नवख्या माणसाला सारे ठीक वाटते. प्रत्यक्षात कप्प्याचे खरे टोक चौकटीबाहेर राहिलेले असते. जे टोक म्हणून दिसते ते चांगले आकुंचन पावत असल्याचा भास होतो, त्यावरून काढलेले इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला कप्प्यातले किती टक्के रक्त बाहेर ढकलले जाते तो आकडा, वाढीव येऊ शकते आणि खऱ्या टोकाशी बसलेली रक्ताची गुठळी दृश्यातच येत नाही. अशी चित्रफीत संध्याकाळी तज्ज्ञापुढे आली, तर 'दृश्य अपुरे आहे, पुन्हा काढावे' यापलीकडे त्याला काही लिहिता येत नाही, आणि तोवर रुग्ण घरी गेलेला असतो. तेच चित्र त्याच क्षणी दिसत असेल तर तो म्हणतो, "एक फट खाली या, थोडे बगलेकडे सरका, आता त्यांना श्वास सोडून थांबायला सांगा," आणि काही सेकंदांत कप्पा आपल्या खऱ्या लांबीचा दिसू लागतो. चित्र दूर पोहोचणे हे या तंत्राचे निम्मे काम आहे. तज्ज्ञाचे म्हणणे प्रोब धरलेल्या हातापर्यंत वेळेत परत येणे हे उरलेले निम्मे, आणि माझ्या मते तेच अधिक मोलाचे.

मात्र साठवून पाठवण्याची पद्धत कमी प्रतीची आहे, असा याचा अर्थ काढू नये. प्रोब धरणारे हात तयार असतील तर ती फार मोठे काम करते. २०१२ मध्ये हरियाणातील सिरसा येथे झालेल्या एका शिबिरात प्रशिक्षित सोनोग्राफरांनी दोन दिवसांत हजाराहून अधिक इको काढले आणि ते इंटरनेटवर चढवून निरनिराळ्या ठिकाणी बसलेल्या तज्ज्ञांनी वाचले. तेथे थेट प्रक्षेपणाची गरजच नव्हती. हात शिकाऊ असेल, रुग्ण अत्यवस्थ असेल किंवा पुढचा निर्णय काही मिनिटांत घ्यायचा असेल, तेव्हा मात्र थेट दिसण्याला पर्याय नाही.

प्रश्न : हे तंत्र अलीकडचे, मोबाइल इंटरनेट आल्यानंतरचे आहे का?

उत्तर : नाही. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर आणि हेल्मुट हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये धडधडत्या हृदयाचे ध्वनिलहरींनी पहिले आलेख घेतले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडातील हॅलिफॅक्स येथील बालहृदयतज्ज्ञ आजूबाजूच्या प्रांतांतील रुग्णालयांमधले इको थेट पाहू लागले होते. १९९० च्या दशकात आयएसडीएन या डिजिटल टेलिफोन वाहिन्यांवर हे काम चाले. तेथे एका वाहिनीची क्षमता ६४ किलोबिट प्रतिसेकंद. दोन जोडल्या तर १२८, सहा जोडल्या तर ३८४. १२८ वर हृदयाची हालचाल तुटक दिसे, ३८४ वर ती बऱ्यापैकी सलग होई. आजच्या साध्या मोबाइललाही हसू येईल इतक्या या क्षमता आहेत, आणि तरीही त्यांवर जन्मजात हृदयदोषांची अचूक निदाने झाली, कारण ती वाहिनी अरुंद असली तरी तपासणी संपेपर्यंत त्यांच्या एकट्याच्या मालकीची असे. हा मुद्दा पुढच्या उत्तरात उपयोगी पडणार आहे.

प्रश्न : आमच्या आरोग्य केंद्रात २० एमबीपीएसची जोडणी आहे. व्हिडिओ कॉल त्यावर उत्तम चालतो. मग इको दाखवताना चित्र अडखळते आणि मधूनच चौकोनी ठिपक्यांचे होते, असे का?

उत्तर : आधी एक गोष्ट तपासून पाहावी. जोडणीच्या जाहिरातीत जो आकडा असतो तो बहुधा उतरवण्याच्या (डाउनलोडच्या) वेगाचा असतो. इको दाखवणारे केंद्र मात्र चढवण्याचा (अपलोडचा) वेग वापरते, आणि अनेक जोडण्यांमध्ये तो उतरवण्याच्या वेगाच्या काही अंशांइतकाच असतो. वेगचाचणी करताना दुसरा आकडा पाहावा, आणि तोही तपासणीच्या वेळेत, म्हणजे केंद्रातील बाकीचे संगणक आणि फोन चालू असताना.

आता चित्राच्या वजनाकडे वळू. ६४० बाय ४८० बिंदूंचे रंगीत चित्र सेकंदाला ३० वेळा जसेच्या तसे पाठवायचे म्हटले, तर दर बिंदूला २४ बिट धरून सेकंदाला सुमारे २२ कोटी बिट, म्हणजे २२१ एमबीपीएस लागतात. एच.२६४ सारखी संक्षेपण पद्धत हे ओझे शंभर पटींहून अधिक कमी करते. तिची मुख्य युक्ती अशी, की एक पूर्ण चौकट (फ्रेम, म्हणजे चित्रफितीतले एक स्थिर चित्र) पाठवायची आणि पुढच्या चौकटींमध्ये फक्त काय बदलले तेवढेच कळवायचे. व्हिडिओ कॉलमध्ये भिंत, खुर्ची आणि बोलणाऱ्याचे खांदे जवळजवळ स्थिर असतात, त्यामुळे कळवण्यासारखे फारच थोडे उरते. इकोमध्ये स्थिर असे काही नसते. ध्वनिलहरी ऊतींमधल्या सूक्ष्म कणांवरून विखुरतात आणि एकमेकींत मिसळतात, त्यामुळे चित्रभर एक दाणेदार पोत असतो आणि तो प्रत्येक चौकटीत बदलतो. संक्षेपण करणाऱ्या प्रणालीला हा पोत निरर्थक गोंगाटासारखा वाटतो. वाहिनी अरुंद झाली की ती सर्वांत आधी तो पुसून टाकते, मग कप्प्याच्या आतल्या अस्तराची कडा धूसर होते आणि भिंत किती आत येते हे ठरवणे अवघड जाते. कॉलसाठी बनवलेली साधने चेहरा नितळ दिसावा म्हणून वेगळी गाळणी लावतात, तिचाही परिणाम हाच. ऑनलाइन सभांच्या प्रणालींमध्ये 'स्क्रीन शेअर' केले, तर बऱ्याचदा अक्षरे सुवाच्य ठेवण्यासाठी चौकटींचा वेग खाली आणला जातो. तेथे चित्रफितीसाठीचा पर्याय असतो, तो निवडला नाही तर झडप उघडी आणि मिटलेली दिसते, पण उघडताना दिसत नाही.

तिसरे कारण जाळ्याच्या स्वभावात आहे. इंटरनेटवर चित्र लहान लहान पाकिटांमधून जाते. काही पाकिटे उशिरा पोहोचतात, काही हरवतात. फाइल पाठवताना हरवलेले पाकीट पुन्हा मागवता येते, कारण घाई नसते. थेट दृश्यात ते परत येईपर्यंत त्याचा क्षण निघून गेलेला असतो, म्हणून थेट प्रक्षेपणात बहुधा पुन्हा न मागवणारी, यूडीपी नावाची पद्धत वापरतात आणि थोडे नुकसान सोसतात. हरवलेले पाकीट फरकाच्या चौकटीतले असेल तर डाग लहान पडतो. पूर्ण चौकटीतले असेल तर पुढची पूर्ण चौकट येईपर्यंत चित्र विद्रूप राहते. पूर्ण चौकट दर दोन सेकंदांनी येत असेल आणि हृदय मिनिटाला ७२ ठोके देत असेल, तर दोन ठोके वाया जातात. आपल्याला दिसणारे चौकोनी ठिपके ते हेच. उशिरा येणाऱ्या पाकिटांसाठी पलीकडच्या बाजूला थोडा साठा केला जातो. नळाला पाणी कमीजास्त येत असले तरी गच्चीवरच्या टाकीमुळे घरात धार एकसारखी राहावी, तसे. पण साठा वाढवला की विलंबही तेवढाच वाढतो.

म्हणून माझे सांगणे असे की, वेगाचा मोठा आकडा मिळवण्यापेक्षा स्थिरता मिळवावी. साध्या प्रतीच्या इकोसाठी चढवण्याचे २ एमबीपीएस अखंड मिळाले, तर ते कधी १५ आणि कधी अर्धा मिळण्यापेक्षा कितीतरी चांगले. शक्य असेल तेथे वायफायऐवजी तार जोडावी, तपासणीच्या काळात त्या जोडणीवरची इतर कामे थांबवावीत आणि यंत्रणेत इकोच्या वाहतुकीला अग्रक्रम देण्याची सोय असेल तर ती लावून घ्यावी.

प्रश्न : संक्षेपणामुळे निदान चुकू शकते का? विशेषतः रंगीत डॉपलरमध्ये?

उत्तर : मर्यादेत केलेल्या संक्षेपणाने निदान बदलत नाही, हे गेल्या तीन दशकांत पुन्हा पुन्हा तपासले गेले आहे. रंगीत डॉपलर, म्हणजे रक्ताच्या प्रवाहाची दिशा आणि वेग रंगांनी दाखवणारी इकोची पद्धत, मात्र खरोखर नाजूक आहे, आणि त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण यंत्रातच आहे. मऊ ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर धरतात. १६ सेंटिमीटर खोलवर जाऊन परत यायला लहरीला सुमारे २०८ मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला जेमतेम ४८०० रेषा मिळतात आणि शंभर रेषांची एक चौकट धरली तर सेकंदाला ४८ चौकटी. रंगीत डॉपलरमध्ये रक्ताचा वेग मोजण्यासाठी एकाच रेषेवर अनेक लहरी पाठवाव्या लागतात, त्यामुळे चौकटींचा वेग आणखी बराच उतरतो. अशा वेळी जाळ्याने वाटेत काही चौकटी गाळल्या, तर झडपेतून गळणारी एखादी क्षणभराची धार कोणत्याच चौकटीत सापडत नाही.

दुसरे कारण रंगांच्या साठवणीत आहे. नेहमीच्या व्हिडिओ संक्षेपणात उजळपणा प्रत्येक बिंदूचा वेगळा ठेवतात, पण रंग चार बिंदूंना मिळून एकच ठेवतात, कारण माणसाच्या डोळ्याला रंगातला बारकावा कमी कळतो. रंगीत डॉपलरमध्ये तर रंग हीच मोजणी असते. गळती जोराची असली की लालशेजारी लगेच निळा बिंदू येतो, आणि ते दोन रंग एकमेकांत मिसळले तर मूळ चित्रात नसलेली एखादी छटा तयार होते किंवा बारीक धारेची कडा विरघळते. म्हणून रंगीत डॉपलर पाहताना पडद्यावर रंग दाखवायचा भाग लहान आणि खोली शक्य तितकी कमी ठेवायला सांगावे, म्हणजे यंत्राचा स्वतःचा वेगही वाढतो. आणि गळतीची तीव्रता ठरवण्याचे काम थेट दृश्यावर न करता यंत्रात साठवलेल्या मूळ चित्रावर करावे.

प्रश्न : यंत्राच्या पडद्याचे मोबाइलवर चित्रण करून ते संदेशाद्वारे पाठवले तर चालेल का?

उत्तर : दुसरे काहीच हाताशी नसताना, हृदयाभोवती खूप पाणी साचले आहे किंवा कप्पा जवळजवळ हलतच नाही एवढे तातडीने दाखवायला हे उपयोगी पडू शकते. याला नियमित पद्धत करू नये. पडद्यावर दिव्याची तिरीप पडते, मोबाइल स्वतःच उजळपणा बदलत राहतो, पडद्याच्या आणि कॅमेऱ्याच्या वेगात मेळ नसल्याने पट्टे येतात, आणि संदेशप्रणाली चित्र पुन्हा दाबते. शिवाय पडद्याच्या वरच्या कडेला रुग्णाचे नाव असते, तेही चित्रासोबत जाते. बहुतेक यंत्रांना बाहेरच्या पडद्यासाठी एचडीएमआय किंवा डीव्हीआय जोडणी असते. तिला चित्र पकडणारे छोटे उपकरण लावून संगणकाला जोडले, तर खर्च फारसा वाढत नाही आणि चित्र अनेक पटींनी सुधारते.

प्रश्न : विलंब किती असला तर चालतो? उपग्रहावरून हे काम होऊ शकते का?

उत्तर : आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर बहुतेक संभाषणांत तो जाणवत नाही, आणि ४०० च्या पुढे जाणे टाळावे. काचतंतूतून प्रकाश १००० किलोमीटर अंतर सुमारे ५ मिलिसेकंदांत कापतो, म्हणजे अंतर हा क्वचितच अडथळा असतो. वेळ जातो तो चित्र पकडण्यात, दाबण्यात, साठ्यात थांबण्यात आणि उलगडण्यात.

भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. संदेश वर जाऊन खाली यायलाच सुमारे २४० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सूचना आणि तिचा परिणाम यांत जवळजवळ अर्धा सेकंद नुसत्या अंतराचा. अशा जोडणीवरही काम होते, फक्त बोलण्याची पद्धत बदलावी लागते. "सरकवत राहा... थांबा!" असे म्हटले तर हात चांगल्या दृश्यावरून पुढे गेल्यावर 'थांबा' पोहोचते. त्याऐवजी "एक सेंटिमीटर खाली, आणि थांबा" अशी मोजकी, पूर्ण सूचना द्यावी, दृश्य स्थिर होऊ द्यावे आणि मगच पुढची सूचना द्यावी. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावरील अंतराळवीरांनी ह्यूस्टनमधील तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली सोनोग्राफी केली, तीही अशाच आधी ठरवलेल्या, ठरावीक शब्दांच्या सूचनांवर. आवाज आणि चित्र वेगवेगळ्या मार्गांनी जात असतील तर आणखी एक काळजी घ्यावी : बऱ्याचदा आवाज आधी पोहोचतो, आणि "हे पाहा" असे ऐकू येते तेव्हा तज्ज्ञाच्या पडद्यावर अजून मागचेच दृश्य असते.

कॉलच्या प्रणालीत 'गोंगाट कमी करा' अशी सोय चालू असेल तर ती बंद करावी. डॉपलरचा सूंऽ सूंऽ आवाज तिला पंख्याच्या आवाजासारखाच वाटतो आणि ती तो गाळून टाकते. अरुंद झालेल्या झडपेतून वेगाने जाणाऱ्या रक्ताचा उंच पट्टीतला आवाज अनुभवी कानाला चित्राइतकाच सांगून जातो. तो हरवणे हे मोठे नुकसान आहे.

प्रश्न : मी नवजात शिशू विभागात परिचारिका आहे. आमच्याकडे बालहृदयतज्ज्ञ नाहीत. निळ्या पडलेल्या बाळाच्या बाबतीत थेट इकोचा खरोखर किती उपयोग होतो?

उत्तर : माझ्या मते या तंत्राचा सर्वांत मोठा उपयोग आपल्याच विभागात आहे. निळे पडलेले बाळ ऑक्सिजन देऊनही सुधारत नाही, तेव्हा फुप्फुसांतील रक्तदाब जन्मानंतर उतरलाच नाही की हृदयाची रचनाच वेगळी आहे, हे बाहेरून पाहून ठरवणे फार कठीण असते, आणि दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांची अदलाबदल झालेली असेल, तर शरीराचे रक्त आणि फुप्फुसांचे रक्त जवळजवळ स्वतंत्रपणे फिरत राहते. बाळ तग धरते ते त्यांना जोडणाऱ्या, जन्मानंतर मिटू लागणाऱ्या वाटांच्या आधारावर. अशा वेळी प्रोस्टाग्लँडिन ई१ चालू करून धमन्यांमधली नलिका उघडी ठेवता येते. त्या औषधाने बाळाचा श्वास थांबू शकतो, म्हणून श्वासनलिकेत नळी घालण्याची तयारी ठेवूनच ते चालू करतात. ते द्यावे की नाही, आणि बाळाला फुग्याच्या साहाय्याने कर्णिकांमधील, म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील, छिद्र मोठे करण्यासाठी ताबडतोब हलवावे की नाही, हे निर्णय थेट इकोवर काही मिनिटांत होऊ शकतात. रॅशकिंड आणि मिलर यांनी १९६६ मध्ये मांडलेली ही फुग्याची पद्धत आजही वापरात आहे, पण तिच्यापर्यंत बाळ वेळेत पोहोचले तरच तिचा उपयोग.

हृदय निर्दोष आहे हे कळणेही तितकेच मोलाचे असते. नाजूक बाळाला विनाकारण रुग्णवाहिकेत घालण्याची वेळ टळते आणि आई व बाळ एका ठिकाणी राहतात. अमेरिकेतील अनेक केंद्रांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दूरस्थ इकोची सोय असलेल्या रुग्णालयांतून बाळांना हलवण्याचे प्रमाण कमी होते, असे त्यात दिसले.

तांत्रिक अपेक्षा मात्र येथे अधिक कडक ठेवाव्या लागतात. बाळाचे हृदय मिनिटाला १५० ठोके देत असेल तर एक ठोका ०.४ सेकंदांचा. सेकंदाला १५ चौकटी पोहोचत असतील तर एका ठोक्याला फक्त सहा मिळतात, आणि तेवढ्यात झडपेची हालचाल समजत नाही. ३० च्या खाली जाऊ देऊ नये. वाहिनी अपुरी पडली तर चित्राचा आकार कमी करावा, वेग कमी करू नये. आपल्या बाजूने प्रोब धरणाऱ्याला बरगड्यांच्या खालून घ्यायचे दृश्य पक्के शिकवून ठेवावे. बाळांमध्ये यकृतातून हृदयाकडे पाहण्याची ती खिडकी फार चांगली असते, आणि हृदय कोणत्या बाजूला आहे इथपासूनची माहिती तिथून मिळते. जेल कोमट करून घ्यावे, बाळ उबेत ठेवावे, आणि जोडणी पूर्ण तपासून झाल्यावरच त्याचे पांघरूण काढावे.

प्रश्न : थेट दिसणाऱ्या चित्रावर मोजमापे घेता येतात का?

उत्तर : घेऊ नयेत. प्रक्षेपित चित्रात एका बिंदूचे किती मिलिमीटर होतात ही माहिती सोबत येत नाही, आणि वाटेत चित्र ताणले किंवा आक्रसले गेलेले असू शकते. डॉपलरमध्ये तर लहान चूकही फुगते. रक्ताचा वेग मीटर प्रतिसेकंदात घेऊन त्याच्या वर्गाची चौपट केली की झडपेवरील दाबाचा फरक मिळतो. महाधमनीच्या झडपेवर वेग ४ असेल तर फरक ६४ मिलिमीटर पारा आणि अरुंदपणा तीव्र समजला जातो, ३.५ वाचला गेला तर फरक ४९ होतो आणि रुग्णाचा वर्ग बदलतो. मोजमापे मूळ यंत्रावरच करावीत किंवा डायकॉम या प्रमाणित स्वरूपात साठवलेल्या फाइलवर. हे स्वरूप १९९३ पासून प्रचलित आहे आणि त्यात मोजपट्टीची माहिती चित्रासोबतच राहते. हृदयस्नायूचा ताण मोजणाऱ्या नव्या पद्धतींनाही मूळ वेगाच्या चौकटी लागतात.

प्रश्न : रोबोटच्या हाताने दूरवरून इको करता येतो, असे वाचले. ते प्रत्यक्षात आले आहे का?

उत्तर : होय, मर्यादित प्रमाणात. स्वीडनच्या उत्तर भागात दूरवरच्या आरोग्य केंद्रातील रोबोटचा हात रुग्णालयातून चालवून हृदय निकामी होत असल्याचा संशय असलेल्या रुग्णांचे इको काढले गेले आणि लगेच व्हिडिओवर तज्ज्ञाची भेटही घडवली गेली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात निदानाच्या संपूर्ण प्रक्रियेचा मध्यक कालावधी ११४ दिवसांवरून सुमारे २७ दिवसांवर आला. यात रोबोटइतकेच श्रेय तपासणी आणि सल्ला एकाच भेटीत बसवण्याला आहे. रोबोट महाग असतो, त्याला दाबाची जाणीव परत पाठवावी लागते आणि विलंब त्याला माणसापेक्षा कमी सोसतो. बहुतेक ठिकाणी, आधी शिकवलेली परिचारिका आणि कानात तज्ज्ञाचा आवाज, ही जोडी अधिक व्यवहार्य आहे.

प्रश्न : रुग्णाची माहिती बाहेर फुटण्याचा धोका किती?

उत्तर : प्रवाह सांकेतिक करूनच पाठवावा, त्यासाठी लागणारा वेळ आजच्या यंत्रांवर नगण्य आहे. अधिक दुर्लक्षिली जाणारी बाब म्हणजे चित्रातच उमटलेले नाव आणि जन्मतारीख. फाइलच्या माहितीतून नाव काढले तरी ते बिंदूंमध्ये राहतेच. प्रक्षेपणाआधी यंत्रावर नावाऐवजी क्रमांक दाखवण्याची सोय वापरावी, रुग्णाची संमती नोंदवावी आणि पलीकडे खोलीत कोण कोण आहे हे रुग्णाला सांगावे.

प्रश्न : तपासणी अर्धी झालेली असताना जोडणी तुटली तर काय करावे?

उत्तर : ती तुटणारच आहे असे धरून सुरुवात करावी. यंत्रावर स्थानिक साठवण पहिल्या दृश्यापासून चालू ठेवावी. प्रत्येक दृश्याचे तीन ते पाच ठोके, ईसीजीच्या रेषेसह. तज्ज्ञाशी बोलण्यासाठी इंटरनेटपासून वेगळा असा साधा फोन आधीच लावून ठेवावा, म्हणजे चित्र गेले तरी सूचना चालू राहतात. दृश्यांचा क्रम तपासणीपूर्वी ठरवावा आणि ज्यावर निर्णय अवलंबून आहे ते दृश्य पहिल्यांदा घ्यावे. धाप लागलेल्या रुग्णात हृदयाभोवतीचे पाणी आणि डाव्या जवनिकेचे काम आधी पाहावे. झडपांचा तपशील नंतर. पाच मिनिटांत जोडणी परत आली नाही, तर साठवलेली चित्रे फाइल म्हणून पाठवायला लावावीत. अशा फाइलची हरवलेली पाकिटे पुन्हा मागवली जातात, त्यामुळे थेट दृश्य अशक्य असलेल्या जोडणीवरूनही ती उशिरा का होईना, मूळ दर्जासह पोहोचते. रुग्णाची प्रकृती त्या काळात ढासळत असेल तर चित्राची वाट न पाहता हलवण्याचा निर्णय फोनवरच घ्यावा, आणि तो कोणी घ्यायचा हेही तपासणी सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असावे.